ठेवणीतला माल

माझी यादी कधी चुकली नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं वाचून कुणाला वाटेल की यंत्राने घोटाळा केला, तर तसं नाही. यंत्र बिचारं सांगितलेलं करत होतं. घोटाळा करायला आम्ही माणसं होतो ना.

त्र्याहत्तर साली डमडमच्या आमच्या पंख्यांच्या कारखान्यात सातशे माणसं कामाला होती. मी लागले तेव्हा दोनशे होती. तिसरी शेड नुकतीच उभी राहिली होती, बगदादहून टेबलफॅनची मोठी ऑर्डर आली होती, आणि कुठल्या शेडमध्ये कुठला भाग किती शिल्लक आहे हे एका दमात कुणालाच सांगता येत नव्हतं. कुणालाच म्हणजे श्यामकाका सोडून.

श्यामकांत ओक आमचे स्टोअरकीपर. मूळचे मिरजेचे, लढाईच्या वर्षांत कलकत्त्याला आले ते इथलेच झाले. माझ्या वडिलांचे जुने दोस्त. वडील गेले तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी मला नेऊन वर्क्स मॅनेजर सान्यालसाहेबांसमोर उभं केलं आणि म्हणाले, ही आमची मुलगी, हिला काम द्या. बंगाली कामगार त्यांना श्यामदा म्हणत. मी सगळ्यांसमोर काका म्हणायची आणि ते सगळ्यांसमोर माझं मराठी दुरुस्त करायचे. इथे जन्मलेल्या आम्हा मुलांचा बंगालीच्या संगतीने लिंगांचा पार गोंधळ व्हायचा. "मंदे, गाडी आला नाही गं, गाडी आली," ते रजिस्टरातून मान वर न करता म्हणायचे. हरिपद फोरमनलासुद्धा ते वाक्य पाठ झालं होतं.

काकांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. स्टोअरच्या किल्ल्या आपल्या हाताने पुढच्या माणसाच्या हातात द्यायच्या आणि मान वर करून फाटकाबाहेर पडायचं, एवढंच त्यांना हवं होतं. फार मागणं होतं असं मला वाटत नाही. ते माझ्यामुळे पुरं झालं नाही.

आता त्या खोक्यांबद्दल. स्टोअरच्या मागच्या भिंतीला, जिन्याखाली, अकरा लाकडी खोकी रचलेली होती. त्यांवर खडूने 'भंगार' लिहिलेलं, पण आत भंगार नव्हतं. बेअरिंगं होती, कंडेन्सर होते, तांब्याच्या तारेची रिळं होती. नाकारलेल्या मालाच्या बदली पुरवठादाराने चुकून जास्त पाठवलेले नग, वाइंडिंगवाल्यांनी महिनाअखेरीला चिठ्ठीशिवाय परत आणून टाकलेली रिळं, असं उरलंसुरलं सगळं वीस वर्षं तिथे साठत आलं होतं. त्यातली एक खिळी काकांच्या घरी गेली नव्हती, हे त्यांचा वैरीसुद्धा कबूल करील. संप, घेराव, हावड्याला अडकलेले ट्रक, कशानेही माल अडला की हरिपद स्टोअरच्या खिडकीशी येऊन म्हणायचा, "श्यामदा, एकटु देखुन ना." जरा बघा ना. काका चष्मा कपाळावर चढवून आत जायचे आणि दहा मिनिटांत माल सापडायचा. कागदावर काही नाही. अख्ख्या कारखान्याला ते ठाऊक होतं आणि अख्खा कारखाना त्याबद्दल गप्प होता. काका त्याला ठेवणीतला माल म्हणायचे, आपण ठेवणीतली साडी म्हणतो तसं.

कारखान्यात कॉम्प्युटर आणायचा विषयच नव्हता. एक तर परदेशातून आणायचा परवाना मिळायची मारामार, आणि मिळाला असता तरी युनियनने तो फाटकातून आत येऊ दिला नसता. तेव्हा ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे त्यांच्याकडून तासावर काम करून घ्यायचं ठरलं. आम्ही फॉर्म भरून पाठवायचे, त्यांनी ते भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवून यंत्रात घालायचे आणि दर सोमवारी यादी छापून द्यायची. काय शिल्लक आहे, काय मागवायचं, काय फाजील पडलंय. कुणाचा प्रोग्रॅम घ्यायचा ते बघून टिपण द्यायचं काम सान्यालसाहेबांनी माझ्यावर टाकलं. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली असिस्टंट होते, तेहतीस वर्षांची, आणि नवीन खातं निघालं तर त्याची प्रमुख मी होणार असं मला सुचवण्यात आलं होतं. हे मुद्दाम सांगतेय. टिपणात ते लिहिलेलं नव्हतं.

दोन कंपन्या उरल्या. पहिलीचं ऑफिस पार्क स्ट्रीटला होतं, थंडगार, गुळगुळीत फरशीचं. त्यांच्याकडे तयार प्रोग्रॅम होता. चार महिन्यांत सुरू करून देतो म्हणाले. आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. आम्हीच आमच्या सवयी त्यांच्या फॉर्मप्रमाणे बदलायच्या होत्या. दुसरी कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि भादुडी नावाचा एक किडकिडीत माणूस. त्याच्याकडे यंत्रसुद्धा स्वतःचं नव्हतं, दुसऱ्याचं भाड्याने घ्यायचा. पण तो आला आणि तीन दिवस काकांच्या शेजारी स्टुलावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने काकांना विचारलं, "श्यामबाबू, तुम्ही ठेवता पण लिहीत नाही, असं काय काय आहे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "हा पोरगा हुशार आहे," ते मला मराठीत म्हणाले. "ह्याला घे."

भादुडीने आपल्या आराखड्यात एक वेगळा रकाना ठेवला होता, 'राखीव'. स्टोअरकीपरच्या अखत्यारीतला माल. तो मोजायचा, पण फाजील म्हणून छापायचा नाही. त्याला चौदा महिने लागणार होते.

मी चार महिन्यांवाला प्रोग्रॅम घेतला. बगदादची मुदत जवळ होती, भादुडीची कंपनी लहान होती, उद्या तो आजारी पडला तर काय; ही कारणं मी टिपणात सुबक लिहिली आणि ती खोटीही नव्हती. पण चौदा महिने मला थांबायचं नव्हतं, हे त्यातलं खरं. काकांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ठीक आहे. तुला कळतं त्यातलं."

ऑगस्टात यादी सुरू झाली. मी प्रमुख झाले, काचेचं पार्टिशन मिळालं, आणि पहिल्या तीन महिन्यांत माझं हसं झालं. यादी म्हणायची, बुधवारी बेअरिंगं संपणार, दोन नंबरची शेड बंद पडणार. बुधवार उजाडायचा, शेड चालू. हरिपद खिडकीशी गेलेला असायचा आणि काकांना माल सापडलेला असायचा. पुढच्या सोमवारी यादी म्हणायची, शिल्लक शून्य, आणि त्या शून्यातून चारशे पंखे बाहेर पडलेले असायचे. सान्यालसाहेब सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मिस मंदाकिनी, तुमचं यंत्र सांगतं आपण मेलो, आणि आपण तर जेवतोय." सगळे हसले. मीही हसले, आणि पार्टिशनमागे जाऊन रागाने रडले. मला काकांचा राग आला होता. आज लिहितानाही लाज वाटते, पण आला होता.

मी सान्यालसाहेबांकडे गेले. म्हटलं, तो माल कागदावर यायला हवा, त्याशिवाय हे चालायचं नाही. पण कुठून आला हे कुणी विचारता कामा नये. साहेब सॉल्ट लेकमधल्या आपल्या नव्या प्लॉटचा नकाशा बघत होते. तिथे तेव्हा नुसती वाळू आणि कोल्हे होते, पण साहेब नकाशावर खोल्या आखायचे. मान वर न करता ते म्हणाले, "त्यांना सांगा, लिहून टाका. कोण विचारतंय?" मी ते वचन समजले. लिहून मागायचं मला सुचलं नाही. रोज पन्नास फॉर्मांवर सही नाही म्हणून परत पाठवणारी मी.

रविवारी काकांच्या घरी गेले. डमडम स्टेशनजवळ दोन खोल्यांत ते आणि सुहासिनीकाकू राहायचे. मुलगी लग्न होऊन नागपूरला. त्या घरात मला चहा नेहमी स्टीलच्या पेल्यात मिळायचा, आणि पिऊन झाला की पेला मीच विसळून पालथा घालायची. काचेच्या कपाटात निळ्या फुलांचे सहा कप होते. ते काकांच्या साहेबांसाठी, मुलीच्या सासरच्यांसाठी. लहानपणी मी त्यातल्या एका कपासाठी हट्ट धरला होता तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "ते परक्यांसाठी असतात गं. तू घरची."

"काका, ती खोकी लिहून द्या," मी म्हटलं.

काकांनी सुपारी कातरायला घेतली. "मंदे, ज्या दिवशी ते लिहिलं त्या दिवशी ते ठेवणीतलं राहिलं नाही. कागदावरचं सगळे खातात."

"यादी चुकते रोज. माझं नाव जातंय."

"यादी चुकते, पण शेड चालते ना?"

"किती दिवस असं चालणार? तुम्ही वर्षभराने जाल. पुढच्याला कोण सांगणार कुठल्या खोक्यात काय आहे?" हा मुद्दा बिनतोड होता आणि तो मी शेवटासाठी राखून ठेवला होता. "साहेबांनी शब्द दिलाय. कुणी काही विचारणार नाही."

"साहेबांनी दिलाय?"

"मी देते, काका."

काकूंनी पेला माझ्यापुढे सरकवला. काका म्हणाले, "तू देतेस ना. मग झालं."

सोमवार ते गुरुवार आम्ही दोघांनी खोकी उपसली. एक्केचाळीस प्रकारचा माल निघाला. पार्क स्ट्रीटच्या फॉर्मवर एक रकाना होता, कुठल्या पावतीने माल आत आला त्याचा नंबर. तो भरल्याशिवाय यंत्र कार्ड घेत नसे. पावत्या तर नव्हत्याच. मीच युक्ती काढली: पावतीच्या जागी 'स्टोअरकीपरकडे आढळला' असं लिहायचं, तारीख घालायची आणि काकांनी खाली सही करायची. एक्केचाळीस फॉर्म, एक्केचाळीस सह्या. काकांची सही लांबलचक, श्यामकांत बळवंत ओक, शेवटच्या अक्षराला खाली रेघ. मी फॉर्म पुढे करत होते आणि ते सही करत होते.

पुढच्या सोमवारपासून यादी बरोबर यायला लागली. एकही आकडा चुकेना. सान्यालसाहेबांनी मला बोलावून चहा दिला.

आणि त्याच सोमवारी एक्केचाळीस ओळींसमोर चांदणी छापून आली. चांदणी म्हणजे फाजील. तीन महिन्यांच्या गरजेपेक्षा जास्त असलेला माल प्रोग्रॅम फाजील ठरवायचा. भादुडीचा रकाना त्यात नव्हता. फाजील आहे तर नवीन मागवायचं नाही. खरेदी थांबली. हावड्याच्या छोट्या कारखानदारांना पुढचं कळेपर्यंत माल पाठवू नका अशी पत्रं गेली. बगदादची ऑर्डर जोरात चालू होती आणि खोक्यातला माल रोज शेडवर जात होता, चिठ्ठीने, रीतसर. जिन्याखाली दिवसेंदिवस जागा मोकळी होत गेली. मालकांनी ती जागा बघून कारखाना आता कसा टापटीप दिसतो असं म्हटल्याचं मला साहेबांनी सांगितलं.

जानेवारीत मालकांचे जावई विलायतेहून हिशेबाचं शिक्षण घेऊन परत आले आणि त्यांनी जुन्या याद्या मागवल्या. त्यांचा प्रश्न साधा होता. एवढा माल वीस वर्षं पुस्तकाबाहेर कसा राहिला, आणि जो सापडला तो एवढा तर जो सापडला नाही तो किती? काकांना चार्जशीट मिळाली. पुरावा म्हणून एक्केचाळीस फॉर्म जोडले होते, प्रत्येकावर सही.

चौकशीच्या आदल्या दिवशी सान्यालसाहेबांनी मला जिन्यात गाठलं. "मी तुम्हाला असं काही म्हणालो होतो का?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता. मी म्हटलं, हो, म्हणाला होता. ते म्हणाले, "मला आठवत नाही. तुम्ही आठवून बघा. नवीन खातं आहे, तुमची घडी नुकती बसतेय." आणि वर निघून गेले.

चौकशी कॅन्टीनच्या हॉलमध्ये झाली. बाहेर हरिपद आणि वीसएक कामगार उभे होते. युनियनवाले आले नाहीत; ज्या यंत्राला त्यांचा विरोध होता त्याच्या फॉर्मांवर काकांनी सह्या केल्या होत्या. मी रात्रीतून ठरवलं होतं की विचारलं की सगळं सांगायचं. साहेबांचं नाव घ्यायचं, माझं घ्यायचं, जाईल ती नोकरी जाऊ दे. हे मी खरंच ठरवलं होतं, पण त्याचा आता काय उपयोग.

जावईबापूंनी काकांना विचारलं, "हे फॉर्म भरायला तुम्हाला कुणी सांगितलं? कुणी काही आश्वासन दिलं होतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही," ते म्हणाले. "निवृत्ती जवळ आली, मनाला लागून राहिलं होतं, म्हणून मीच लिहून दिलं. ह्या मुलीने फक्त फॉर्म दिले. तिला आत काय आहे ठाऊक नव्हतं."

जावईबापू माझ्याकडे वळले. "बरोबर?"

सान्यालसाहेब टेबलावरच्या ग्लासावरचं झाकण फिरवत होते. खिडकीबाहेर हरिपद माझ्याकडेच बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, चार दिवस खोकी उचलायला तोच होता. मी म्हटलं, "बरोबर."

एका शब्दाचं काम होतं, ते झालं. काकांना चोर म्हटलं नाही. 'नोंदीतील गंभीर अनियमितता' म्हटलं आणि त्याच दुपारी काढून टाकलं. किल्ल्यांचा जुडगा दरवानाने मोजून घेतला. काका फाटकाबाहेर पडले तेव्हा मी पार्टिशनमागे यादी तपासत बसले होते.

मेमध्ये रेल्वेचा देशभर संप झाला. आमची बहुतेक बेअरिंगं दक्षिणेकडून गाडीने यायची. संपाच्या सहाव्या दिवशी यादीने सांगितलं, नवव्या दिवशी बेअरिंगं संपणार. हावड्याच्या ज्या कारखानदारांना आम्ही पत्रं पाठवली होती त्यांच्याकडे धावलो, तर त्यांनी आपला माल केव्हाच दुसऱ्यांना लावून दिला होता. नवव्या दिवशी सकाळी अकराला दोन नंबरची शेड थांबली. दुपारी तीन नंबरची. शेडमधला आवाज असा गेला की कॅन्टीनमधल्या कपबशा ऐकू यायला लागल्या.

मी स्टोअरमध्ये गेले. नवीन स्टोअरकीपर यादी घेऊन कप्प्यांसमोर उभा होता. यादीत शून्य होतं आणि कप्प्यात शून्य होतं. हरिपद खिडकीशी आला. सवयीने आला असावा. "एकटु देखुन ना," तो म्हणाला, आणि मग आत कोण आहे ते त्याला दिसलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याखाली पाहिलं. तिथे एक सायकल लावलेली होती.

संप वीस दिवसांत मिटला. आमचं जहाज त्याआधीच सुटलं होतं. बगदादवाल्यांनी उरलेली ऑर्डर काढून घेतली, तिसरी शेड बंद झाली आणि दोनशे दहा माणसांना घरी बसवलं. हरिपद त्यांत होता. नावांची यादी माझ्याच खात्याने छापून आणली, कारण आता आमच्याकडे याद्या चांगल्या छापून मिळत. तीही बरोबर होती, एकही नाव चुकलं नाही.

जूनमधल्या एका रविवारी मी काकांकडे गेले. चौकशीनंतर गेलेच नव्हते. दर रविवारी साडी नेसायची, सियालदह स्टेशनपर्यंत यायची आणि परत फिरायची. त्या दिवशी गाडीत बसले.

काका खिडकीशी बसून पेपर वाचत होते. वाळले होते. "ये, बस," म्हणाले. मी काय काय बोलायचं ठरवून गेले होते. पण आधी काकांनीच विचारलं, "शेड बंद पडली म्हणे."

"हो."

"हरिपदसुद्धा?"

"हो."

त्यांनी पेपराची घडी घातली. "यादी बरोबर येते ना आता?"

"येते."

"एकदाही चुकली नाही?"

"नाही, काका."

"मग बरं," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"तू बोलू नयेस म्हणून तर मी आधी बोललो," काका म्हणाले. मग पेपर खाली ठेवून म्हणाले, "तरी वाटलं होतं, बोलशील."

आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. त्या कपाटाची काच सैल होती, उघडताना खडखडायची. काकू चहा घेऊन आल्या. तबकात निळ्या फुलांचा कप होता, खाली बशी, बाजूला चमचा आणि साखरेचं भांडं. काकांच्या हातात त्यांनी स्टीलचा पेला दिला आणि तबक माझ्यापुढे धरलं.

"किती साखर?" काकूंनी विचारलं.

मी एक चमचा म्हटलं. चहा गरम होता, तरी भराभर प्याले, आणि कप विसळायला म्हणून उठले.

"राहू दे," काकू म्हणाल्या आणि कपबशी माझ्या हातातून अलगद काढून घेतली. "तू बस."